ढोलाचं दुखणं

आमच्या ढोलपथकात निम्मे लोक डॉक्टर आहेत, हे आम्ही प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दहा मिनिटांत ऐकवतो. ढोल बडवायला कुठली डिग्री लागते, देव जाणे. पण ऐकवतो. हे हाडांचे सर्जन, आपले पथकप्रमुख. हे भूल देतात. ही दोघं जीपी, म्हणजे इथले फॅमिली डॉक्टर. ही फिजिओथेरपिस्ट, म्हणजे मी. मग आयटीवाले. आणि सगळ्यात शेवटी, आठवण झालीच तर, चहा बघणाऱ्या काकू. काकू एका नर्सरीत लहान मुलं सांभाळतात. तीस वर्षांपूर्वी लग्न होऊन चिपळूणहून इकडे आल्या. त्यांना ढोल वाजवता येत नाही, पण फेटा असा बांधतात की दिवसभर नाचलं तरी हलत नाही.

माणसांची अशी उतरंड लावायची आमची ही सवय किती वाईट आहे, ते मला परवापरवापर्यंत कळलं नव्हतं. आता कळलंय आणि त्याचा काडीचा उपयोग नाही.

गणपतीच्या आधी दीडेक महिना आमची प्रॅक्टिस चालते. लंडनजवळच्या वॉटफर्डमधल्या एका शाळेचा स्पोर्ट्स हॉल, दर रविवारी दुपारी. खिडक्या बंद, कारण एकदा शेजाऱ्यांनी कौन्सिलला तक्रार केली होती. आत तीस-चाळीस माणसांचा घाम, त्यांच्या पोरांची पळापळ, हाताला लागेल त्या बाटलीतनं पाणी पिणं. एकदा ढोल कमरेला बांधला की दोन-अडीच तास सुटत नाही. पहिल्या एक-दोन रविवारी सगळ्यांचंच अंग आंबतं आणि त्याचा आम्हाला कोण अभिमान. सोमवारी ऑफिसात खांद्यावर हात ठेवून विव्हळायचं, गोऱ्या सहकाऱ्याने विचारलं की ढोलाचं वजन सांगायचं. मीही सांगितलंय.

तो रविवार पहिला-दुसरा नव्हता. प्रॅक्टिसला महिना होऊन गेला होता, अंगाला सवय झाली होती. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे जे झालं त्यात मला माफ करायला लोक पहिलं वाक्य हेच म्हणतात की अगं, ढोल वाजवल्यावर दुखणारच, तुला काय माहीत. मला माहीत होतं. स्नायू हा माझा धंदा आहे. चौदा वर्षं इथल्या हॉस्पिटलात लोकांचे दंड आणि मांड्या दाबतेय मी.

मंगळवारी सकाळी किटली उचलायला गेले आणि हातातनं सुटली. पाणी ओट्यावर सांडलं. दोन्ही दंड जड, मनगटात जोर नाही, मांड्या अशा की जिना उतरताना कठडा धरावा लागला. टूथपेस्टची ट्यूब दाबायला दोन्ही हात लागले. आदल्या संध्याकाळी घसा खवखवत होता, थोडी कणकण होती, ती मी हॉलमधल्या धुळीवर ढकलली. व्यायामाचं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चढतं आणि मग उतरायला लागतं, हे मी पेशंटना दिवसातनं चारदा सांगते. माझं गुरुवारी चढतच होतं. कामावर एका आजीबाईंना खुर्चीतनं उठवताना माझाच हात लटपटला आणि त्यांनी मला सावरलं. तरी माझ्या टाळक्यात प्रकाश पडला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात ना, तो हा.

बुधवारीच पथकाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रडारड सुरू झाली होती. याचा हात वर जात नाही, तिला केस विंचरता येत नाहीत, एकाला गाडीचं स्टिअरिंग फिरवताना घाम फुटला. दोघा पुरुषांना भलत्याच नाजूक जागी दुखत होतं, ते त्यांनी अर्थातच लपवलं आणि आम्हाला ते नंतर कळलं. पथकप्रमुखांनी लिहिलं, दुखतंय म्हणजे ताल अंगात मुरतोय. त्यावर तीस अंगठे. मग सगळ्यांनी मला हाक मारली, आपली फिजिओ काय म्हणते. आणि आपली फिजिओ फुगली. मी लांबलचक मेसेज लिहिला. अतिवापराचं दुखणं आहे, घाबरू नका, गरम पाण्याने शेका, हे तीन स्ट्रेच करा, गोळी घ्या, रविवारपर्यंत ठणठणीत व्हाल. कुणालाही हात न लावता, एकालाही समोर न बघता. माझ्या विद्यार्थिनीने असं केलं असतं तर मी तिला उभी सोलली असती.

त्या मेसेजखाली काकूंनी लिहिलं. त्या सहसा लिहीत नाहीत, चहा किती जणांचा एवढंच विचारतात. त्यांनी लिहिलं होतं, मी ढोल वाजवत नाही, तरी माझे दंड आणि मांड्या भरून आल्यात, थर्मासचं झाकण उघडत नाही, नर्सरीतल्या तीन बायकांचं अगदी असंच आहे आणि आमच्याकडे पोरांना ताप येऊन गेलाय, ही कसली तरी साथ असेल का गं?

इतका स्वच्छ प्रश्न. इतकं चांगलं निदान त्या आठवड्यात आमच्यातल्या एकाही डॉक्टरला जमलं नव्हतं. आणि मी काय लिहिलं? काकू, तुमची चहाची किटली ढोलापेक्षा जड आहे, तुम्ही पण स्ट्रेच करा. पुढे हसून लोळणारा चेहरा. त्यावर सर्जनसाहेब हसले, जीपी दोघं हसली, भूल देणारे हसले. काकूंनी हात जोडलेले पाठवले. तो मेसेज अजून माझ्या फोनमध्ये आहे. मी तो डिलीट करणार नाही. माझी लायकी काय आहे ते तिथे लिहून ठेवलंय.

आता मधेच सांगायला हवं की त्याच आठवड्यात शनिवारी ईलिंगला माझ्या भाचीचं बारसं होतं. माझ्या धाकट्या भावाची मुलगी. लग्नाला आठ वर्षं झालेली, मधे दोनदा भावजयीचं पोट रिकामं झालेलं, दोन्ही वेळा तिने कुणाला घरी येऊ दिलं नव्हतं. यावेळी मुलगी पूर्ण दिवसांची, वजनाची, काळ्याभोर केसांची. भावजयीची आई नाशिकहून व्हिसा काढून आली होती. भावजयीला बारसं खरं म्हणजे इतक्या लवकर नको होतं. मिडवाइफने सांगितलं होतं की पहिले काही आठवडे फार लोकांच्या हातात देऊ नका. ती मला फोनवर म्हणाली, ताई, महिन्याभराने केलं तर? मीच म्हटलं, अगं बाराव्या दिवशी नाही तर मग बारसं कशाला म्हणायचं, चारच माणसं बोलवू. आत्याचा मान ना! पाळण्यातल्या बाळाच्या कानात नाव मी सांगणार होते. आठ वर्षं वाट बघितली होती त्या कुर्र करण्याची मी, सोडतेय थोडीच.

चारच माणसं म्हणता म्हणता पंचवीस झाली. पथकातलेच सहा-सात जण होते, सर्जनसाहेब आणि त्यांची बायको, आमच्या सर्जनबाई, धरून. काकूंनाही बोलावलं होतं. त्या आल्या नाहीत. भावजयीला त्यांनी फोन केला की अंगात बरं नाही, लहान बाळ आहे, मी नंतर येईन. सर्जनबाई माझ्या कानाशी लागल्या, काकूंचं आपलं काहीतरी असतं. मी मान डोलावली.

बारशाला जाताना मी दोन गोळ्या घेतल्या होत्या. साडीची पिन लावायला मला जमेना, बोटं वळत नव्हती, ती नवऱ्याने लावली. तो म्हणाला, हात एवढा दुखतोय तर बाळाला घेऊ नकोस. त्याला म्हणायचं होतं की हातातनं सुटेल. मी म्हटलं, मी बसून घेईन.

बारशात काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. पाळण्याच्या एका बाजूला एक बाई, दुसऱ्या बाजूला दुसरी, आणि बाळ खालनं-वरनं या हातातनं त्या हातात. पहिल्यांदा सर्जनबाई आणि मी, मग जीपी आणि भावजयीची आई, मग आणखी कुणी. कुंची घातलेलं ते बारा दिवसांचं गाठोडं किती जणींनी कुरवाळलं असेल. मुके घेतले. बोट तिच्या मुठीत दिलं आणि तीच मूठ तिने चोखली. मी पाळण्यात वाकले, तिच्या कानाला ओठ टेकवले आणि नाव सांगितलं. तिच्या कानाला दुधाचा वास होता. आणि रिवाजाप्रमाणे मागनं बायकांनी माझ्या पाठीत धपाटे घातले. मी किंचाळले. खोटं नाही, डोळ्यांतनं पाणी आलं. पाठीचा एकेक स्नायू ठणकत होता. सगळे खो खो हसले, म्हणाले, ढोल अंगात आलाय हिच्या. मीही हसले. तिथे खोलीत चार डॉक्टर होते, एक फिजिओ होती, आणि एका बाईला धपाटा घातल्यावर ती रडते हे बघून आम्ही सगळ्यांनी घुगऱ्या खाल्ल्या.

मंगळवारी दुपारी भावाचा फोन आला. मुलगी सकाळपासून दूध ओढत नाही, अंग तापलंय, रडते ते थांबत नाही आणि हात लावला की जास्त रडते. मी कामावरनं तशीच निघाले. हॉस्पिटलात पोचेपर्यंत तिचं रडणं थांबलं होतं आणि ते जास्त वाईट होतं. अंगावर जाळीसारखे निळसर-लाल डाग, पोट फुगलेलं, डोळे कुठे बघतायत कळत नव्हतं. भावजय खुर्चीच्या कडेवर बसली होती. तिचं दूध गाऊनमधनं पाझरत होतं आणि तिला त्याची शुद्ध नव्हती.

मुलांच्या विभागाची एक तरुण रजिस्ट्रार डॉक्टर सगळं विचारत होती. पाठीतनं पाणी काढायचं होतं, अँटिबायोटिक सुरू करायचं होतं, त्याच्या आधी झटपट माहिती. घरात कुणी आजारी आहे का? भाऊ नाही म्हणाला. भावजयीची आई नाही म्हणाली, तिला मी प्रश्न मराठीत सांगितला होता. गेल्या आठवड्यात भेटलेलं कुणी? सर्दी, ताप, जुलाब, अंगावर पुरळ? आणि मी, जिला हे प्रश्न कशासाठी विचारतात ते नीट माहीत आहे, मी ठामपणे म्हणाले की नाही, आम्ही सगळे एकदम फिट आहोत, उलट ढोलाची प्रॅक्टिस चाललीय. तिने ते लिहून घेतलं. दुखणं म्हणजे आजार, असं माझ्या मनाच्या कोपऱ्यातसुद्धा आलं नाही. अंग दुखणं हे आमच्यात कर्तृत्वाचं लक्षण. आजार म्हणजे दुसऱ्यांना होतो तो.

मुलीला आत नेल्यावर तिथल्या एका वयस्कर आयरिश नर्सने मला पाण्याची बाटली दिली. मला झाकण फिरवता येईना. एकदा, दोनदा, मग मी ती दातात धरली. नर्स बघत होती. तिने बाटली घेऊन उघडली आणि विचारलं, हाताला काय झालंय. ढोल, मी म्हटलं. किती दिवस झाले? मी मोजलं, सात. आणखी कुणाला आहे का असं? बऱ्याच जणांना, मी म्हटलं, पण सगळे वाजवणारे. मग माझं मलाच ऐकू आलं. मी म्हटलं, एक बाई वाजवत नाहीत. त्या काय करतात, तिने विचारलं. नर्सरीत आहेत, मी म्हटलं. ती उठून आत गेली आणि त्या रजिस्ट्रारला बाहेर घेऊन आली, आणि मला ते सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगायला लावलं. भाऊ-भावजय दोघं तिथेच होती.

दोन दिवसांनी पाठीतल्या पाण्याचा रिपोर्ट आला. पॅरेकोव्हायरस. मुलांच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला एका छोट्या खोलीत बसवून समजावलं. थोड्या मोठ्या मुलांना नुसता ताप येऊन जातो. मोठ्या माणसांत कधी कधी त्याची अशी साथ येते की फक्त दंड आणि मांड्या दुखतात, पकड जाते, आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप बरं होतं, कुणी डॉक्टरकडे जातही नाही. पण महिन्याच्या आतलं बाळ असेल तर तो मेंदूपर्यंत जाऊ शकतो. त्यावर औषध नाही. श्वास, पाणी, झटके सांभाळायचे आणि वाट बघायची. तोवर मुलीला दोनदा झटके येऊन गेले होते.

त्या म्हणाल्या, तो कुणाकडून आला हे सांगता येणार नाही, आणि ते शोधत बसू नका. चांगल्या मनाने म्हणाल्या. पण मला ते ऐकून संताप आला. शोधायचं काय त्यात? पंचवीस माणसं आली होती आणि ज्या एका बाईला शंका आली होती ती घरी थांबली होती. आम्ही बाकीचे शहाणे घुगऱ्या चापत होतो. औषध नाही तर नाही, पण घरी बसायला काय औषध लागतं? महिन्याभराने बारसं केलं असतं तर आकाश कोसळणार होतं का? माझा मान जरा शिळा झाला असता, एवढंच.

भाऊ माझ्याकडे बघत नव्हता. भावजय बघत होती. तिने एवढंच विचारलं, "ताई, त्या काकूंनी तुम्हाला सांगितलं होतं?"

मी फोन काढून तिच्या हातात दिला. तिने काकूंचा मेसेज वाचला, त्याखालचा माझा वाचला, तो हसणारा चेहरा बघितला. फोन परत दिला. तिने मला दोन कानाखाली लावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मी तिथेच कॉरिडॉरमध्ये उभी राहून ग्रुपवर लिहिलं. काय झालंय, कसला व्हायरस आहे, काकू बरोबर होत्या, मी चूक होते, ज्यांना दुखतंय त्यांनी तान्ह्या बाळांपासून लांब राहा, हात धुवा, आणि येत्या रविवारी हॉलवर येऊ नका. दहा मिनिटांत सर्जनसाहेबांचा फोन. मुलीची चौकशी त्यांनी केली, नाही असं नाही. मग आवाज खाली आणून म्हणाले की मेसेज जरा मागे घेता येईल का, लोक उगाच घाबरतील, मिरवणूक दहा दिवसांवर आली आहे, कौन्सिलची परवानगी काढलीय, आणि शेवटी एका केसवरून साथ म्हणणं हे काही शास्त्रीय नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्यांना पहिल्यांदा अहो-जाहो न करता सुनावलं. म्हटलं, पथकात एक पोरगी आठव्या महिन्यात आहे, झांजा वाजवते, तिच्या घरी जाऊन शास्त्र सांग. त्यांनी फोन ठेवला. मेसेज मी मागे घेतला नाही. मिरवणूक झाली. म्हणे छान झाली.

ग्रुपवर कुणी हात जोडले, कुणी हृदय पाठवलं, कुणी लिहिलं की देव बघतोय. काकूंनी ग्रुपवर काहीच लिहिलं नाही. त्यांनी थेट भावजयीला फोन केला आणि रोज सकाळी डबा पाठवायला लागल्या. मला फोन केला तो आठवड्याने. मी माफी मागायला लागले तर म्हणाल्या, अगं, मलाही खात्री नव्हती, आणि तुम्ही एवढे शिकलेले, मला वाटलं माझंच चुकत असेल. हे ऐकून मला माझी आणखी चीड आली. तीस वर्षं दुसऱ्यांची पोरं सांभाळलेली बाई, कुठल्या पोराला काय होतंय ते त्याच्या नाकावरनं ओळखते, आणि तिला आम्ही असं शिकवून ठेवलंय की तिचं चुकत असेल.

सतरा दिवसांनी मुलगी घरी आली. डोक्याच्या स्कॅनमध्ये मेंदूच्या पांढऱ्या भागात काही बदल दिसले होते. याचा पुढे काय परिणाम होईल, असं भावाने विचारलं तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, होणारही नाही किंवा होईलही, ते तीच आपल्याला वाढताना दाखवेल. भावजयीची आई म्हणाली, नजर लागली, पंचवीस माणसांच्या नजरा. तिने मीठ-मोहऱ्या ओवाळून तव्यावर टाकल्या आणि घरातला स्मोक अलार्म कोकलायला लागला. एरवी मी तिला शास्त्र शिकवलं असतं. त्या दिवशी मला वाटलं की माझ्यापेक्षा ही बरी, हिने निदान माणसं मोजली.

त्यानंतर चार महिने मी ईलिंगला जात राहिले आणि बाळ प्रत्येक वेळी झोपलेलं असायचं. भावजय चहा करायची, विचारपूस करायची, ताई घ्या ना अजून एक, सगळं. पण मुलगी आत झोपलेली. एकदा आतनं तिचा आवाज आला आणि भावजय उठली, दार लोटून आत गेली, आणि मी बाहेर सोफ्यावर बसून राहिले. मला राग यायचा, मग त्या रागाचीच लाज वाटायची, मग घरी येऊन नवऱ्यावर काढायचे. त्या माणसाने बरंच सोसलं त्या हिवाळ्यात.

जानेवारीत एका रविवारी सकाळी तिचा फोन आला. म्हणाली, आज याल का, एकट्या या. भाऊ कामावर होता, तिची आई केव्हाच परत गेली होती. मी गेले तेव्हा बैठकीच्या खोलीत जमिनीवर मऊ चटई अंथरलेली होती आणि मुलगी तिच्यावर उताणी पडून स्वतःच्या मुठी बघत होती. जागी. मी बाथरूममध्ये जाऊन हात धुतले, दोनदा धुतले, बाहेर आले.

"ताई, हिचे पाय बघा," भावजय म्हणाली. "आत्या म्हणून नको. तुमच्या पेशंटचे बघता तसे बघा. आणि मला धीर देऊ नका."

मी चटईवर बसले. बारशानंतर पहिल्यांदा मी तिला हात लावत होते. ती माझ्याकडे बघून हसली, बोळकं उघडून, तिला कुठे काय माहीत. मी आधी नुसतं बघितलं. उजवा पाय सायकल चालवल्यासारखा चालला होता. डावा कमी. मग मी उजवं पाऊल हातात घेऊन घोटा हळू वळवला, मग झटकन वळवला. मऊ. डावं घेतलं. हळू वळवला, ठीक. झटकन वळवला आणि तो मधेच अडकला. अगदी जरासा. माझ्या अंगठ्याखाली एक बारीक हिसका. मी थांबले, तिला जरा खेळवलं, पुन्हा केलं. पुन्हा तिथेच अडकला. तिसऱ्यांदा केलं, कारण तो चुकीचा निघावा म्हणून मी आतल्या आत भीक मागत होते. चौदा वर्षांत असे घोटे मी किती तपासले असतील. मेंदूला इजा झाली की स्नायू असा मधेच आखडतो, तो हिसका मला झोपेतही कळला असता.

माझ्या तोंडाशी काय आलं होतं ते सांगते. अगं, लहान आहे अजून, थंडीमुळे असेल, एका बाजूवर जास्त झोपत असेल. हे सगळं शिजवून तयार होतं जिभेवर.

"डावा घोटा अडकतोय," मी म्हणाले. "उजवा नाही अडकत. उद्या सकाळी हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंच्या टीमला फोन करायचा. पुढच्या तपासणीची वाट बघायची नाही."

मला वाटलं आता ती कोसळेल. ती म्हणाली की दोन आठवडे झाले तिच्या लक्षात येऊन, पायमोजा घालताना. घरी येऊन बाळ बघून जाणाऱ्या हेल्थ व्हिजिटरला सांगितलं, ती म्हणाली बाळं अशीच असतात. तिथल्या जीपीला सांगितलं, तो म्हणाला पहिलटकरणीची काळजी. नवऱ्याला सांगितलं, तो उठून दुसऱ्या खोलीत गेला. आईला व्हिडिओवर दाखवलं, ती म्हणाली तेल लाव.

"तुम्ही आज 'काही नाही, ठीक आहे' म्हणाला असतात ना," ती म्हणाली, "तर या घरात तुम्हाला परत पाऊल ठेवू दिलं नसतं."

मी हो म्हटलं. माझे डोळे भरून आले होते आणि हात अजून त्या पावलाभोवती होता. तिने वाकून मुलीला उचललं, मला वाटलं आता आत नेईल. तिने ती माझ्या मांडीवर ठेवली.

"रडू नका," ती म्हणाली. "आजपासून काय करायचं ते दाखवा."